मामांची मुरलेली चित्रं

काही घरांत रद्दी साठते, काही घरांत लग्नात आलेली भांडी. आमच्या घरात मामांची चित्रं साठतात. प्रत्येक चित्राला एक किस्सा चिकटलेला असतो, ओल्या रंगाला केस चिकटावा तसा. चित्र कपाटामागं सरकवता येतं. किस्सा नाही सरकत. पाहुणे आले की तो आपोआप बाहेर येतो, आणि चहाचा ट्रे माझ्या हातात असल्यामुळं सगळ्यात जास्त वेळा तो मीच ऐकते.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. माझं माहेर सांगलीचं, सासर उंब्रजजवळच्या एका गावातलं. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. नव्या सुनेनं फार बोलायचं नसतं. त्याचा एक फायदा असा, की आपण ऐकतोय हे लोक विसरून जातात.

मामा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे 'सुभेदार'च म्हणतात. ऊस वाट्यानं दिलेला, त्यामुळं रानात काम नाही. मग अंगातली एवढी शिस्त ठेवायची कुठं? स्वयंपाकघरात!

कडधान्याचे डबे एका रेषेत. कुकरची शिट्टी झाली की बाहेरच्या खोलीतून आवाज, "एक!" आत्यांनी फोडणीला तेल घेतलं की पाठीमागं मामा उभे, "जादा होतंय."

इतकी वर्षं हे स्वयंपाकघर आत्यांचं एकटीचं होतं. त्या एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बॉर्डरवर हुते तवा बरं हुतं गं. आता बॉर्डरच माज्या कट्ट्यावर आलीया!"

मग आमच्या ह्यांनी, म्हणजे संग्रामनं, मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला. रिटायर माणसाला छंद पाहिजे म्हणे. कराडला कंपनीतून सुटल्यावर तो ॲक्रिलिकचे रंग, ब्रश आणि कॅनव्हास बोर्ड घेऊन आला. "पोरांचा ख्योळ हाय ह्यो," असं म्हणून मामांनी पिशवी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओसरीवर स्टूल, स्टुलावर मामा, आणि समोर ब्रश उंचीप्रमाणं 'फॉल इन'!

त्या दिवशी आमटीला पहिल्यांदा शांततेत फोडणी बसली.

आत्यांनी मला पाठीमागच्या दारी नेलं. "हे बघ, त्यांनी काय बी काढू दे. आपन वा म्हनायचं! हात रंगात गुतला म्हंजी माज्या डब्यात येत न्हाई. त्यांनी ब्रश खाली ठिवला, की मेलो आपन दोघी!"

मामांच्या कलेला घरातून प्रोत्साहन मिळालं ते असं.

* * *

पहिलंच चित्र पूर्ण झालं. सगळ्यांना ओसरीवर बोलावणं आलं. काळपट, गोल, मधे खोल असं काहीतरी होतं.

आत्या तयारीतच आलेल्या. बोर्डावर नजर पडली न पडली तोच, "आगं बया! कढई लय झ्याक आलीया!"

मामा म्हणाले, "ती हीर हाय."

आत्या डगमगल्या नाहीत. "व्हय की! म्हनूनच म्हन्ते, कढईगत खोल वाटतीया!"

त्या संध्याकाळी घरात नियम झाला. चित्रात काय आहे हे मामांनी सांगेपर्यंत आपण सांगायचं नाही. तोवर नुसतं 'लय भारी', 'एक नंबर' असलं काहीतरी मोघम म्हणत राहायचं.

संग्रामनं नियम अगदी काटेकोर पाळला. पुढच्या चित्रापुढं तो हात मागं बांधून बराच वेळ उभा राहिला, मग मान डोलवत म्हणाला, "पप्पा, अगदी जिवंत वाटतंय हो!"

चित्र बादलीचं होतं.

* * *

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या लग्नाच्या बायोडेटात 'छंद' पुढं लिहिलं होतं : चित्रकला. शाळेत एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली, आणि कॉलेज संपेपर्यंत सांगलीला कृष्णेच्या घाटावर बसून मी इतकी चित्रं काढली, की घाटावरचे भेळवालेही मला जागा धरून ठेवायचे.

पोह्यांच्या कार्यक्रमात मामांनी बायोडेटा हातात धरून विचारलं, "चित्रकला म्हंजी? रांगोळी?"

माझे पप्पा घाईघाईनं म्हणाले, "हो हो, रांगोळी फार सुंदर काढते!"

इंटरमिजिएटच्या ए ग्रेडची त्या दिवशी रांगोळी झाली. माझी रंगांची पेटी सामानाबरोबर सासरी आली आणि माळ्यावर गेली. तिच्यावर पुरणयंत्र ठेवलेलं आहे.

* * *

कराडात एक सर रविवारी हौशी लोकांचा पेंटिंगचा क्लास घेतात. संग्रामनं मामांचं नाव घातलं. स्कूटरवरून ओला बोर्ड न्यायचा म्हणजे मागं बसून तो धरायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

सर फार गोड माणूस. कुणाच्याच चित्राला वाईट म्हणत नाहीत. मामांचा सूर्यास्त त्यांनी लांबून बघितला, जवळून बघितला, चष्मा काढून बघितला, आणि हळूच म्हणाले, "सुभेदार, यात धाडस आहे!"

झालं! आठवडाभर घरात धाडसच. दूधवाल्याला धाडस, वायरमनला धाडस. आत्यांनी शेवटी मला विचारलं, "धाडस म्हंजी काय गं? त्या सुर्व्यात काय हाय तसलं?"

पुढच्या रविवारी क्लासमधल्या एका काकूंनी गप्पांच्या नादात चहाचा कप स्वतःच्याच कागदावर ठेवला. कप उचलला तर खाली तपकिरी गोल. नेमके तेव्हाच सर मागून आले. कागदापाशी थबकले.

"वा, काकू! हे वर्तुळ... धाडस आहे हो!"

मी मामांकडं बघितलं. मामा स्वतःच्या समुद्राला निळा देण्यात गर्क होते. फौजेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू येत नाही असं थोडंच आहे? त्यांनी समुद्राला निळ्याचा आणखी एक हात दिला.

जाताना सरांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ताई, नुसत्या बसून राहता. तुम्हीही शिका की!"

मामाच म्हणाले, "तिला कुठं येळ हाय? घरचं बघावं लागतंय."

"बरोबर आहे, बरोबर आहे," सर लगेच म्हणाले, "घर सांभाळणं हीसुद्धा एक कलाच आहे!"

मामांचा ओला समुद्र तेव्हा माझ्या ओढणीला लागत होता.

* * *

मग मामांना माणसं काढायची लहर आली. पहिला बळी शेजारचे आण्णा. आण्णांचा ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टरच्या तोंडावर शोभेल अशी मिशी आहे.

आण्णांना ओसरीवर खुर्चीत बसवलं. त्यांनी नाक खाजवायला हात उचलला की मामा गरजायचे, "हिलो मत!" अशा दोन सकाळी गेल्या. दुसऱ्या सकाळी आण्णांच्या रानात पाण्याची पाळी होती, ती चुकली. आण्णा खुर्चीतून हलले नाहीत, हलायची टापच नव्हती.

चित्र झालं. मिशी खरोखर सुंदर आली होती! केस न् केस सुटा, टोकाला पीळ, त्यावर तेल लावल्याची चकाकीसुद्धा.

आण्णांनी बोर्ड हातात घेतला. उजेडात धरला. सावलीत धरला.

"सुभेदार, मिशी अगदी माजीच हाय!" ते म्हणाले. "बाकीचं मानूस कोन हाय?"

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. आत आत्या पदर तोंडात कोंबून आधीच बसलेल्या होत्या.

* * *

मामांनी माझ्या माहेरी एक चित्र भेट दिलं, वाईचा घाट. कॅलेंडरवरून काढलेला. व्याह्यांनी दिलेली भेट, त्यामुळं सांगलीत वा-वा झाली, हॉलमध्ये खिळा ठोकला गेला. संध्याकाळी आईचा मला फोन, अगदी हळू आवाजात, "अगं, ते उभं लावायचं का आडवं?"

नंतर माझ्या सासरच्यांनी येतो म्हणून कळवलं, की चित्र खिळ्यावर जायचं. ते गेले की चित्र खाली आणि खिळ्यावर आईचं पंचांग. व्यवस्था उत्तम चालली होती.

एकदा मामा न कळवताच गेले. मी आणि आत्या बरोबर. कुणाची तरी गाडी सांगलीला निघाली होती, नवा गूळ द्यायचा होता, बसलो गाडीत. दार उघडलं. समोर खिळा, खिळ्यावर पंचांग.

पप्पा घाईत म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुमचं चित्र आत देवघरासमोर लावलंय!"

"बघू की," म्हणत मामा देवघराकडं निघालेच. तिथं देव सोडून काही नव्हतं. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा मागं वळले. "जरा गच्चीवर हवा खाऊन येतो," म्हणाले आणि जिना चढायला लागले. आईनं जीभ चावली. तेव्हाच मला कळलं, चित्र कुठं आहे ते.

गच्चीवर ऊन मस्त पडलेलं. वाईचा घाट पालथा पडलेला, आणि त्याच्या पाठीवर मिरच्या वाळत घातलेल्या.

माझी आई शाळेत शिकवते. वर्गात काहीही झालं तरी तिचा आवाज बदलत नाही. ती म्हणाली, "उन्हात ठेवलंय मुद्दाम. रंग मुरतो म्हणे चांगला. मग एवढी जागा रिकामी कशाला, म्हणून मिरच्या घातल्या."

मामांनी मिरच्या बाजूला केल्या, चित्र उलटं करून बघितलं, पुन्हा पालथं घातलं, आणि मिरच्या परत जागेवर लावल्या. ओळीत!

परतीच्या वाटेवर पेठनाक्याच्या पुढं आल्यावर मामा आत्यांना म्हणाले, "विहीणबाई हुशार हाईत. रंग मुरावा लागतो. आपल्याला ठावंच नव्हतं."

* * *

संक्रांत आली. माझी लग्नानंतरची पहिली. काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि गावभर बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं. वाण काय लुटायचं? आत्यांच्या डोक्यात प्लॅस्टिकच्या वाट्या होत्या.

"प्लॅस्टिक न्हाई," मामा म्हणाले. "मी काढतो."

आणि त्यांनी खरंच काढली! हाताएवढे बोर्ड, प्रत्येकावर एक सूर्यफूल. पंधरा दिवस मामा ओसरीवर आणि आत्या स्वयंपाकघरात, दोघंही इतके सुखी मी कधी बघितले नव्हते.

हळदीकुंकवाच्या दिवशी मामा आतल्या खोलीत दार किलकिलं करून बसले. बायका येत होत्या, "सुभेदारांच्या हातचं वान!" म्हणून तोंडभर कौतुक करत होत्या. एका म्हातारीनं मात्र सूर्यफूल खालीवर करून बघितलं.

"ह्याच्यात हळद ठिवायची, का कुकू?"

"मावशी, ते भित्तीला लावायचं हाय," आत्या म्हणाल्या.

"का? भोक पडलंया व्हय भित्तीला?"

किलकिलं दार हळूच बंद झालं.

त्यानंतर काही दिवसांनी मामा सकाळी फिरून आले ते वेगळेच. पुढं कळलं. आण्णांच्या गोठ्याच्या खिडकीची काच फुटली होती. तिथं सूर्यफूल बरोब्बर बसलं होतं. चित्राची बाजू म्हशींकडं.

मामा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे ब्रश धुतले, टॉवेलात गुंडाळले, युनिफॉर्मच्या ट्रंकेत ठेवले आणि कुलूप घातलं. ओसरीवर अर्धवट चित्र होतं, आत्यांच्या लाडक्या गायीचं, चंद्रीचं. त्याच्याकडं पाठ करून ते सरळ स्वयंपाकघरात आले. ओळीतला तिसरा डबा उघडून आत बोट घातलं.

"ही तूरडाळ कवाची हाय?"

आत्यांच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

* * *

पुढचे काही दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. चहापत्ती चमच्यानं सपाट करून घातली जायची. भाकरी गोल नसली की तव्यावरून परत यायची. मी दिवसातून किती वेळा फ्रिज उघडते यावर एक छोटं भाषण झालं. संग्राम सकाळी कंपनीत पळायचा. पळायला मिळत नव्हतं ते आम्हा दोघींनाच.

चौथ्या की पाचव्या दिवशी आत्या मला गोठ्यात घेऊन गेल्या. इकडंतिकडं बघितलं.

"तुज्या त्या बायोडाट्यात लिव्हलं हुतं न्हवं? चित्रकला म्हनून? का खोटंच लिव्हलं हुतं?"

"खरं होतं, आत्या."

"मग त्या चंद्रीचं काय तरी कर बाई. बघ की, कशी लटाकलीया हवेत! चांगलं दिसलं तर बसतील परत स्टुलावर." मग आवाज आणखी खाली आणून, "पर त्यांला कळू द्यू नगंस. बाप्या मानूस हाय. सुनंनं सुदारलं म्हनल्यावर पुन्ना ब्रश धरायचे न्हाईत!"

मी पुरणयंत्र बाजूला करून माळ्यावरची पेटी काढली.

चित्रात फार काही बिघडलेलं नव्हतं. मागच्या पायाचा गुडघा उलटा होता आणि गायीखाली सावली नव्हती. मामा दुपारी झोपल्यावर मी गुडघा फिरवला, सावली घातली, तिला थोडी मातीची ऊब दिली. हातानं पहिली रेघ दोनदा पुसून काढली. मग आठवलं त्याला सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दात घासत ओसरीवर आले. थांबले. ब्रश तोंडातच.

"ही जमिनीवर कवा उतरली?"

आतून आत्या, क्षणाचाही उशीर न करता, "आवं, रंग मुरला आसंल! विहीणबाई म्हनत नव्हत्या का?"

मामा चंद्रीसमोर उकिडवे बसले. मग उठून ट्रंकेची किल्ली मागितली.

त्या दुपारी आत्यांनी मला न मागता साजूक तुपाची पोळी वाढली.

* * *

तेव्हापासून आमच्या घरात चित्रं मुरायला लागली. मामांनी पद्धतच ठरवून टाकली. चित्र झालं की ते माजघराच्या मागच्या थंड खोलीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवायचं. दोन दिवस कुणी हात लावायचा नाही.

कुणी म्हणजे मी सोडून.

मी फार ढवळाढवळ करायची नाही. एखादी सावली, एखादी कड. विहिरीला पाणी यायचं, माणसाला मान यायची. चित्र मामांचंच राहायचं. ते रंग ज्या हिमतीनं लावतात ते मला अजून जमत नाही, हे मी चेष्टेत लिहीत नाही. माळ्यावरची पेटी सारखी काढणं बरं दिसेना, म्हणून मग मी मामांचेच ब्रश वापरायला लागले. खरं सांगायचं तर दुपारची वाट बघायची मला सवय लागली होती.

एका रविवारी संग्रामनं मला बरण्यांच्या खोलीत पकडलं. हातात ब्रश, गालाला पिवळा. मी घाबरले. तो मात्र एकदम खूश!

"अगं, तू पण काढतेस? भारी की! काढत जा. माझा फुल सपोर्ट आहे तुला!"

मला भरून आलं.

"आधी तेवढा चहा टाक," तो म्हणाला, "मग काढ निवांत."

मामांनी क्लासमध्ये मुरवण्याबद्दल सांगितलं. सरांनी आधीची चंद्री आणि मुरलेली चंद्री मोबाईलवर शेजारी शेजारी बघितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "सुभेदार, ही तर परंपरा झाली! घराच्या हवेत चित्र पिकणं... वा! धाडस!"

पुढच्या रविवारी अर्धा क्लास आपापल्या घरी चित्रं लोणच्याशेजारी ठेवून बसला होता. चहाच्या कपवाल्या काकू तक्रार करत आल्या, "सर, माझं काही मुरेना हो!"

सर गंभीर होऊन म्हणाले, "लोणचं कुठलं आहे? कैरीचं की लिंबाचं?"

* * *

हळूहळू घरात एक नवीन सवय सुरू झाली. दुपारी जेवण झालं की मामा ओसरीतून मोठ्यानं सांगायचे, "मी आता झोपतोय! चांगला तासभर!"

याआधी झोपताना ते कुणाला सांगायचे नाहीत. आत्या म्हणायच्या, "वय झालं की मानूस आसं सांगतंय."

बरण्यांच्या खोलीत चित्राशेजारी स्वच्छ पाण्याचा मग भरून ठेवलेला असायचा. मला वाटायचं, आत्या ठेवतात.

* * *

आणि मग क्लासचं प्रदर्शन लागलं. कराडातल्या एका मंगल कार्यालयात, स्टेजसकट. मामांची मुरलेली चित्रं पुढच्या ओळीत होती. सगळा गोतावळा हजर! आण्णा मिशीला तेल लावून आलेले. सांगलीहून आई-पप्पा आलेले, येताना वाईचा घाट घेऊन, पुसून स्वच्छ केलेला. जवळ जाऊन वास घेतला तर अजून ठसका लागत होता.

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात सरांनी माईक घेतला.

"आपले सुभेदार आता आपल्यासमोर प्रात्यक्षिक देणार आहेत! लाइव्ह!"

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मामांनासुद्धा नाही. आत्यांनी माझा दंड असा धरला, की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

"आगं, आता गं? हितं कोन मुरवनार?"

मामा स्टेजवर गेले. खुर्ची, स्टँड, कोरा बोर्ड. खिशातून ब्रश काढून त्यांनी टेबलावर उंचीप्रमाणं लावले. मग चंद्री काढायला घेतली. त्यांना पाठ असलेलं एकच चित्र ते.

हॉलमध्ये आधी कौतुकाची कुजबुज होती. मग नुसती कुजबुज. मग तीही थांबली. बोर्डावर चंद्री पुन्हा हवेत लटकत होती. मागचा गुडघा पुन्हा उलटा. मामांच्या मानेवर घाम चमकत होता. आत्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. कान दिला तर, "तूरडाळ, हरभराडाळ, मूगडाळ..."

"वा!" सर म्हणाले. पण पुढं धाडस काही आलं नाही. "आता हे... हे मुरायला लागेल ना, सुभेदार?"

पुढच्या रांगेतून एकानं विचारलं, "किती वेळ लागतो हो मुरायला?"

"दोन दिवस," मामा म्हणाले.

"मग जेवायची सोय हितंच हाय का?"

हॉल हसला. सगळा. आण्णासुद्धा हसले, मिशीआड. पप्पांनी नजर खाली घातली. संग्राम मोबाईलमध्ये शिरला. इतके दिवस वा-वा करणारी आम्ही सगळी माणसं तिथंच बसलो होतो. तोंड उघडायला कुणीच तयार नव्हतं. त्यात मीही आले.

मामा हलले नाहीत. सावधान उभे राहिले. हसणं विरेपर्यंत थांबले. मग टेबलावरच्या ओळीतला सगळ्यात बारीक ब्रश त्यांनी उचलला, पाण्यात बुडवून टिपून घेतला, आणि पायऱ्या उतरून थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला. आत्यांचा हात माझ्या दंडावरून सुटला.

मामांनी ब्रश पुढं केला.

"सूनबाई, जा. मुरव," ते म्हणाले. "आन् ह्या टायमाला ब्रश धुऊन त्याच्या जाग्यावर ठेव!"